मुलींच्या आधी बघितलेला पिक्चर

आमच्या लेकीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना तो पिक्चर बघायचाच होता. आठवीची परीक्षा संपली त्या दिवसापासून तिघींनी लकडा लावला होता. पोस्टरवर यूए लिहिलेलं आणि त्याच्यापुढे तेराचा आकडा. आमची लेक तेरा पूर्ण झालेली. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला तेरावं संपायला दिवाळी उजाडणार होती. तिसरीचं वय शाळेच्या दाखल्यावर एक आणि तिच्या आईच्या हिशेबाने दुसरंच. म्हणजे आकड्यावरून काही ठरण्यासारखं नव्हतं, कुणीतरी मोठ्याने आधी बघून सांगायला हवं होतं.

ते काम माझ्याकडे आलं. मी घरीच बाहेरच्या खोलीत पहिली ते चौथीच्या मुलांची शिकवणी घेते, त्यामुळे गल्लीत मला टीचर म्हणतात. खालच्या मजल्यावरची बाई, जिच्या सासरी टॉवेलचे माग आहेत आणि घरात तेलुगू बोलतात, ती मला अक्का म्हणते. तिसऱ्या मुलीची आई पलीकडच्या गल्लीत राहते. तिच्या नवऱ्याचे टेम्पो टेंभुर्णीकडे माल घेऊन जातात. ती मला भाभी म्हणते. त्या दोघी एका संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसल्या.

"भाभी, तुमी बघून या," टेम्पोवाल्यांची बायको म्हणाली. "तुमी हो म्हटलं की मी पोरीच्या अब्बाला सांगते, टीचरनी बघितलाय म्हणून. मग ते काय बोलणार न्हाईत."

"मला तर काय कळत नाही अक्का पिक्चरमधलं," खालची म्हणाली. "तुम्ही सांगाल ते."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती थोडी फुगलीच. आजवर माझ्या मतावर कुणाचं काही अडलं नव्हतं. घरात टीव्ही कुठला घ्यायचा, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, हे सगळं ह्यांनी ठरवलं आणि मी मान डोलावली. आता दोन शहाण्यासुरत्या बायका आपापल्या मुलींच्या बाबतीत माझ्यावर विसंबत होत्या.

तेवढ्यात हे ऑफिसातून आले. चपला काढता काढता त्यांनी विषय ऐकला.

"अरे वा! आमच्या घरात सेन्सॉर बोर्ड!" ते म्हणाले. "आणि अध्यक्ष कोण, तर मंद्रूपच्या मॅडम. पिक्चरमधी इंग्रजी आलं तर काय करनार ओ मॅडम? शेजारच्याला इचारनार का, 'काय म्हनला वो त्यो?'"

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या आवाजात म्हटलं. माझा आवाज काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. दोघी बायका हसल्या. मीही हसले आणि चहा टाकायला आत गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझं माहेर मंद्रूपचं. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा माझ्या बोलण्यात हितं, तितं, न्हाय सगळं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ह्यांचे साहेब बायकोला घेऊन जेवायला आले. मी घाईघाईने सतरंजीवरची घडी सरळ केली आणि म्हणाले, "सायेब, हितं बसा की." बस, एवढंच. साहेब हसत हसत बसले, जेवले, निघून गेले. पण तेव्हापासून आमच्याकडे कुणीही पाहुणा आला की हे दार उघडतात आणि मोठ्याने म्हणतात, "सायेब, हितं बसा की!" पाहुण्याला माहीत नसेल तर पूर्ण गोष्ट सांगतात. दर वेळी त्या गोष्टीत थोडी भर पडते. हल्ली हल्ली तर मी साहेबांच्या बायकोचा हात धरून तिला ओढत बसवलं असंही त्यात आलं होतं, आणि ते घडलं की नाही हे माझं मलाही सांगता येईना.

माणूस वाईट नाही. माझ्यावर कधी हात उगारला नाही. शिकवणीचा फळा त्यांनी स्वतः रिक्षातून आणला, भिंतीत खिळे ठोकून लावून दिला. वर चार लोकांत सांगितलं, "आमच्याकडं प्राध्यापक आहेत, पहिलीच्या." ती त्यांची तऱ्हाच आहे, असं मी म्हणायचे. असं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आले होते.

तर, पाण्याचा दिवस नव्हता असा एक दिवस बघून मी दुपारच्या खेळाला गेले. नळाला पाणी येणार असतं तर घर सोडता आलं नसतं. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. खिडकीवरच्या पोराने विचारलं, "किती?"

"एक."

"एकच?" त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

माझं मला कळेना की मी का ओशाळले. चाळिशी ओलांडलेली बाई, नेसलेली साधी साडी, दुपारच्या वेळी एकटीच पिक्चरला. आत अंधारात कॉलेजची पोरं-पोरी जोड्या करून बसलेली. मी कडेची खुर्ची धरली आणि पदर खांद्यावरून घेतला. इतक्यात मागून हाक आली, "टीचर!" माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाची आई होती, बहिणीबरोबर आलेली.

"एकट्याच आलाय की काय?"

"मुलींसाठी," मी म्हणाले. "म्हणजे मुलींना आणायचंय, तर आधी बघायला आलेय. चांगला आहे की नाही ते."

"हां हां," ती म्हणाली, आणि बहिणीकडे बघून तोंडावर रुमाल धरला. आपण चोरी करताना सापडलो असं वाटून मी पुढे बघत बसले.

पिक्चर विनोदी होता. छोट्या गावातलं एक कुटुंब पुण्याला राहायला जातं, मोठ्या मुलीचं कॉलेज, धाकट्याची नाटकाची स्पर्धा, शेजाऱ्यांशी गोंधळ, असं सगळं. मी मात्र गोष्ट बघायला गेलेच नव्हते. मी पहाऱ्यावर बसल्यासारखी बसले होते. मुलगा-मुलगी एकटे दिसले की माझे कान टवकारायचे. एका प्रसंगात कॉलेजच्या जिन्यात मोठ्या मुलीचा आणि तिच्या मित्राचा चेहरा जवळ आला. आजूबाजूला सगळी अनोळखी पोरं, आणि मी एकटी बाई ते बघतेय. मी खाली बघितलं, परत वर बघितलं. न बघून कसं चालेल, बघायलाच तर आले होते. पण कुणाचा तरी फोन वाजतो आणि दोघं लांब होतात, एवढंच होतं. एक शिवी होती, तीही अर्धवट. मामाच्या हातात एकदा ग्लास होता. मनातल्या मनात मी प्रत्येक गोष्ट तोलत होते आणि सोडून देत होते. मध्ये मध्ये हसतही होते, कारण हसू येण्यासारखं होतं.

बाहेर पडले तेव्हा उन्हाने डोळे दिपले. मी ठरवून टाकलं होतं, चालेल.

संध्याकाळी दोघींना फोन केले. टेम्पोवाल्यांच्या बायकोने आधी आवाज खाली केला. "भाभी, लडका-लडकी का कुछ?"

"एकदा जवळ येतात, पण फोन वाजतो."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "फोन वाजला ते बरं झालं."

आम्ही दोघी हसलो.

खालच्या बाईचा प्रश्न वेगळा होता. तिची मुलगी हळवी आहे, कुणी मोठ्याने बोललं तरी तिचे डोळे भरतात. "मारामारी, रक्त, असलं नाही ना अक्का? आणि घरातली भांडणं? नवरा-बायकोची? ते तिला सहन होत नाही."

"छे हो," मी म्हणाले. "घरातलं सगळं हसण्यावारीच नेलंय. भांडण नावाला नाही."

अगदी खात्रीने म्हणाले.

रविवारी आम्ही चौघी गेलो. मुली नटल्या होत्या. तिघींनी केसांना सारखेच रबर लावले होते, कुठून आणले देव जाणे. मधली खुर्ची आमच्या लेकीची, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दोघी मैत्रिणी. जिन्यातला तो प्रसंग यायच्या आधीच मी खोकायला लागले, तशी टेम्पोवाल्यांची मुलगी वाकून म्हणाली, "काकू, पाणी देऊ का?" आणि तिघी खुसखुसल्या. त्यांना सगळं कळत होतं. मीही हसले. वाटलं, उगाच आपण एवढी काळजी केली.

मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. घरी पाहुणे आलेत. पोरांची आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि पाहुण्यांना म्हणते, तुमचं 'इस्टेटस' बघितलं मी फोनवर, लई छान. लगेच पोरांचा बाप हात जोडून उभा राहतो. "ऐका हो ऐका! इस्टेटस! आमच्याकडं इष्टेट न्हाई, पर इस्टेटस लई हाय!" मग तो बायकोची नक्कल करत खोलीभर फिरतो, कंबर हलवून, पदर धरल्यासारखा करून, तिच्या आवाजात. पाहुणे हसून हसून गडबडा लोळतात. ती बायको ट्रे धरून उभी असते, आणि तीही हसते. पुढे काही नाही. पिक्चर पुढच्या प्रसंगाला जातो.

थेटरात जोरात हशा पिकला. पुढच्या रांगेतला माणूस मांडीवर थाप मारत होता. माझंही हसू सुरू झालं होतं.

तेवढ्यात टेम्पोवाल्यांची मुलगी सहज म्हणाली, "अगं, अगदी तुझ्या पप्पांसारखंच की!"

तिच्या बोलण्यात काहीही वाकडं नव्हतं. तिला खरोखरच गंमत वाटली होती, ओळखीचं माणूस पडद्यावर दिसावं तशी. पण खालच्या मजल्यावरची मुलगी, ती हळवी, घाईघाईने म्हणाली, "गप की गं."

त्या 'गप की'ने माझं हसू घशातच राहिलं. त्या मुली आमच्या घराबद्दल आपसांत बोलल्या होत्या. हा विषय काढायचा नाही असंही त्यांचं ठरलेलं होतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरी आम्हाला सांभाळून घेत होत्या.

मी लेकीकडे बघितलं. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता. ती हसत नव्हती. तिने माझ्याकडे वळून बघितलं, आणि माझ्या तोंडावर अर्धं हसू अजून तसंच होतं. ते पुसायला मला वेळच मिळाला नाही. तिने मान परत पुढे केली आणि आमच्या खुर्च्यांच्या मधल्या दांडीवरचा आपला हात काढून मांडीवर घेतला.

पुढचा पिक्चर मी बघितला नाही. म्हणजे डोळ्यांसमोर होता, एवढंच. माझे कान तापले होते. सगळं थेटर आमच्याकडेच बघतंय असं वाटत होतं, खरं तर कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या पडद्यावरच्या बाईचा मला इतका राग आला. ट्रे खाली ठेव ना, निदान आत तरी जा. पण ती बिचारी काय करणार, तिला हसायलाच सांगितलं होतं.

रिक्षात मैत्रिणी बडबडत होत्या. आमची लेक कडेला बसून बाहेर बघत होती. दोघींना त्यांच्या दारात सोडलं. खालची बाई दारातच उभी होती, हसून म्हणाली, "कसा होता? मस्त?" मी "हो, हो" म्हणत जिना चढले.

हे घरी नव्हते. मी पंखा लावला. लेकीने सँडल काढले आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मम्मी, तू हा पिक्चर आधी बघितला होतास ना?"

"हो."

"मग तो सीन तुला दिसला नाही?"

खोटं बोलता आलं असतं. मध्ये डुलकी लागली म्हणता आलं असतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मला ते जमलं नाही.

"दिसला," मी म्हणाले. "मी हसले होते."

"माहितीय," ती म्हणाली. "तू घरीपण हसतेस."

ती पलंगावर बसली आणि बोटाने चादरीवरची नक्षी गिरवायला लागली. मग खाली बघूनच म्हणाली, "आधी मी पण हसायचे. पप्पा करायचे ना, मला लई मजा वाटायची. मग शाळेत मुली विचारायला लागल्या, तुझी मम्मी कुठली गं. मी सांगितलं पुण्याची."

"पुण्याची?"

"तू पुण्याची आहेस, तुझं शिक्षण पुण्याला झालंय, असं सांगितलं. सहावीत. त्या दोघींना माहितीय खोटं आहे म्हणून. त्या कुणाला सांगत नाहीत." तिचा आवाज चिरकला. "म्हणून मी मीटिंगला तुला येऊ नको म्हणायचे. तू बोललीस की कळलं असतं."

पालक सभेला ती नेहमी म्हणायची, मम्मी, ऊन आहे, तू कशाला दमतेस, पप्पांना पाठव. मला वाटायचं, किती काळजी करते पोरगी आपली. मी ते मंद्रूपला आईला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं.

ती रडायला लागली. "सॉरी मम्मी," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. तिला आपली आई लपवावी लागली होती, आणि आई लपवल्याची लाज तिने एकटीने दोन वर्षं बाळगली होती. मी मात्र रोज हसत होते. हसलं की विषय संपतो, घरात शांतता राहते, असं मला वाटत होतं. त्या हसण्यातून ती काय शिकत होती हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पोवाल्यांच्या बायकोला फोन केला. वाटलं, आपण 'चालेल' म्हणालो होतो, तर आपली चूक आपणच सांगायला हवी. "अहो, मी नीट बघितलं नव्हतं," मी म्हणाले. "त्यात एक प्रसंग आहे, नवरा बायकोची नक्कल करतो तो. तो मुलींना दाखवण्यासारखा नव्हता."

"कुठला? इस्टेटसवाला?" ती खळखळून हसली. "तो तर पोरीने आल्या आल्या करून दाखवला भाभी! तिचे अब्बा पण लई हसले. त्यात काय वाईट? मरद लोक बोलतातच की."

"हो," मी म्हणाले. "ते पण खरंच." आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर स्वतःची इतकी चीड आली. तिला पटवून द्यायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. असता तरी कुठल्या तोंडाने सांगितला असता?

खालच्या बाईला मी काही सांगितलं नाही. जिन्यात भेटली की मीच नजर चुकवायचे. तिला मी सांगितलं होतं, घरातलं भांडण नावाला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ह्यांचे ऑफिसातले एक मित्र बदली होऊन आले होते, त्यांना बायकोसकट जेवायला बोलावलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी, असा बेत केला. त्यांना सोलापूरचं जेवण खायचं होतं. दार वाजलं. हे पुढे झाले, दार उघडलं, आणि मी स्वयंपाकघरात ऐकलं, "सायेब, हितं बसा की!"

पाहुण्यांना काही कळलं नाही. मग गोष्ट सुरू झाली. लेक पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर निघाली होती, ती दारातच थांबली. तिची पाठ मला दिसत होती. मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले.

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ही काय म्हणाली माहितीय का..."

"ते सांगू नका आता," मी म्हणाले.

"अगं, गंमत सांगतोय."

"मला नाही गंमत वाटत."

आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. पाहुणा मित्र खुर्चीवर सावरून बसला. त्याची बायको भिंतीवरचा शिकवणीचा फळा वाचायला लागली. त्याच्यावर बाराखडी लिहिलेली होती. ह्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं, कारण पुढचं वाक्य तयार होतं आणि त्याला जायला जागा नव्हती. लेकीने पुढे जाऊन सगळ्यांना पाणी दिलं.

पुस्तकात असतं तसं त्या वेळी मला हलकं-बिलकं काही वाटलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या पाहुण्यांसमोर आपल्याच घराची शोभा केली असं वाटलं. मी आत जाऊन भाकरी थापायला घेतली आणि ती तव्यावर टाकताना फाटली. जेवताना मित्राची बायको दोन-तीनदा म्हणाली, चटणी फार छान झालीय. जाताना तिने माझा हात जरा जास्त वेळ धरला, का कोण जाणे.

दार लावल्यावर हे म्हणाले, "चारचौघांत अपमान केलास माझा."

"माझापण चारचौघांतच होतो की," मी म्हणाले.

ते वळले. "अपमान? मी तुझा अपमान करतो? अगं, प्रेमानं बोलतो मी. आजपर्यंत कधी काही बोललीस का? तूपण हसतेस."

ते खरंच होतं.

पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाणी आलंय, गॅस संपत आलाय, एवढंच. पाहुणे बोलवायचे बंद झाले. सुट्टी संपून शाळा सुरू झाली, मुली नववीत गेल्या. पहिल्या पालक सभेला लेकीने मला यायला सांगितलं. मी गेले. बाईंनी कुठल्या तुम्ही म्हणून विचारलं नाही, आणि मीही फारसं बोलले नाही. लेक मात्र सगळा वेळ माझ्या शेजारी ताठ बसून होती, परीक्षेला बसल्यासारखी. तिलाही ते सोपं जात नव्हतं.

पुढे तो पिक्चर घरी टीव्हीवर बघता येऊ लागला. एका रविवारी दुपारी ह्यांनी स्वतःच लावला. "बघू तरी, तू आधी जाऊन बघण्यासारखं एवढं काय होतं त्यात," म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. मी भाजी निवडत बसले, लेक खाली सतरंजीवर पालथी पडून बघत होती. जिन्यातला प्रसंग आला तेव्हा ह्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला आणि पिक्चर पुढे ढकलला. लेक म्हणाली, "पप्पा, मी बघितलाय तो." त्यांनी रिमोट ठेवून दिला.

मग पाहुणे आले, चहाचा ट्रे आला, इस्टेटस आलं. हे हसायला लागले. पोट धरून हसायची त्यांची सवय आहे, तसेच. पडद्यावरचा नवरा कंबर हलवत फिरायला लागला आणि ह्यांचं हसू हळूहळू कमी होत गेलं, नळाचं पाणी जातं तसं. शेवटी नुसताच टीव्हीतला हशा ऐकू येत होता. मी मेथीची पानं खुडत राहिले. वर बघायची मला हिंमत झाली नाही.

"जरा जास्तच केलंय त्यानं," हे थोड्या वेळाने म्हणाले.

"नाही पप्पा," लेक म्हणाली. टीव्हीकडे बघतच म्हणाली.

ते उठले आणि पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं होतं असं काही झालं तर मला समाधान वाटेल. वाटलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी अडवलं नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि आता पोटच्या मुलीने दोन शब्दांत अडवलं. त्यांच्याऐवजी मलाच खाली मान घालून बसावंसं वाटलं.

त्यानंतर त्यांनी माझी नक्कल केल्याचं मला आठवत नाही. माफी वगैरे काही झाली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. कधी सवयीने तोंड उघडतात, "आमच्या मॅडम..." म्हणतात आणि तिथेच थांबतात. मग काहीतरी दुसरं बोलतात, उन्हाचं नाहीतर रस्त्यांचं. ते थांबणं समोरच्याला कळत नाही, आम्हा तिघांना कळतं. त्या क्षणी तिघंही तीन दिशांना बघतो.

परवा लेकीच्या मैत्रिणी आल्या होत्या. रविवार होता, हे घरीच होते. आधी ते घरी असताना ती कुणाला आणत नसे, हे मला आता आता कळलंय. दार ह्यांनी उघडलं. मुली "काका" म्हणून थबकल्या, आणि हे दाराची कडी धरून उभे राहिले. या म्हणायचं एवढंच होतं, पण त्यांना ते साधं कसं म्हणायचं तेच आठवेना. शेवटी "अभ्यास काय म्हणतो?" असं काहीतरी पुटपुटले. मुलींनी "बरा आहे" म्हटलं. मग ते गॅलरीत जाऊन खुर्ची टाकून बसले, पेपर उलगडला. टेम्पोवाल्यांची मुलगी हळूच म्हणाली, "काकांना बरं नाही का?"

"बरंय की," मी म्हणाले.

मी त्यांचा चहा घेऊन गॅलरीत गेले. त्यांनी कप घेतला, बशीत ओतला. आतून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता, कशावर हसत होत्या कोण जाणे. ते कान देऊन ऐकत होते.

"माझ्यावर हसत नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी बसले.